इंटरफेरॉन दिलेल्या कर्कपेशी एनके पेशींसमोर: प्रयोग कसा मांडावा आणि तो कुठे फसतो

के५६२ पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी) दोन दिवस इंटरफेरॉन-गॅमा (प्रतिकारसंस्थेचा संदेश नेणारं प्रथिन) द्यायचं, मग त्या एनके पेशींपुढे (बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) ठेवायच्या आणि चार तासांनी किती मेल्या ते मोजायचं. वहीत लिहिला तर तीन ओळींचा प्रयोग. तरीही दर वर्षी कोणी ना कोणी दोन उलटे आलेख घेऊन येतं. एकात इंटरफेरॉनमुळे पेशी कमी मेलेल्या, दुसऱ्यात जास्त. "यातला बरोबर कुठला?" बहुतेक वेळा दोन्ही आलेख खरे असतात, पण ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरं असतात आणि प्रयोग करणाऱ्याला आपण नक्की कुठला प्रश्न विचारला हेच ठाऊक नसतं.

इंटरफेरॉन दोन्ही बाजूंना काम करतं, इथे सगळी गोम आहे. कर्कपेशीवर ते एचएलए वर्ग-१ चे रेणू, म्हणजे पेशीची "मी आपलीच" सांगणारी ओळखपाटी, वाढवतं. एनके पेशींच्या रोधक रिसेप्टरना (पृष्ठभागावरच्या, "थांब" हा संदेश घेणाऱ्या रेणूंना) ते रेणू दिसले की त्या हात आखडता घेतात. त्याच कर्कपेशीवर इंटरफेरॉन आयकॅम-१ हा चिकटण्याचा रेणूसुद्धा वाढवतं, आणि त्यामुळे एनके पेशीची पकड घट्ट होते. म्हणजे एकाच पेशीवर ढालही वाढली आणि धरायला मूठही. शिवाय हेच इंटरफेरॉन थेट एनके पेशीला मिळालं, विशेषतः अल्फा किंवा बीटा, तर ती जास्त आक्रमक होते. हे तीन परिणाम वेगळे करता आले नाहीत तर आकडे येतात, अर्थ लागत नाही.

पुढची कृती के५६२ आणि माणसाच्या रक्तातल्या एनके पेशी धरून लिहिली आहे. के५६२ निवडण्याचं कारण साधं आहे: या पेशींवर एचएलए वर्ग-१ जवळपास नसतोच, त्यामुळे एनके पेशी त्यांना सहज मारतात आणि इंटरफेरॉनने पडलेला फरक ठळक दिसतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून ही लाइन (सतत वाढवत ठेवलेला पेशींचा वाण) मागवता येते.

## १. आधी चार खाने आखा

कल्चरला हात लावण्यापूर्वी कागदावर चार खाने काढा (टार्गेट म्हणजे जिला मारायचं ती कर्कपेशी, साधी म्हणजे इंटरफेरॉन न दिलेली):

- साधी टार्गेट, साध्या एनके
- इंटरफेरॉन दिलेली टार्गेट, साध्या एनके
- साधी टार्गेट, इंटरफेरॉन दिलेल्या एनके
- दोन्हींना इंटरफेरॉन

"कर्कपेशी किती बळी पडते" या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन खान्यांच्या फरकात आहे. तिसरा खाना एनके पेशींवरचा परिणाम दाखवतो. चौथ्यात दोन्ही एकत्र येतात आणि शरीरात घडतं ते या खान्याच्या जास्त जवळ असतं. फक्त चौथा आणि पहिला खाना करून "इंटरफेरॉनने संवेदनशीलता वाढली" असं लिहिणारे प्रबंध मी वाचले आहेत. त्यात संवेदनशीलता मोजलेलीच नसते.

कुठलं इंटरफेरॉन तेही आताच ठरवा. अल्फा आणि बीटा एका रिसेप्टरवर बसतात, गॅमा वेगळ्या. एकावर काढलेला निष्कर्ष दुसऱ्याच्या नावावर खपत नाही. गॅमाचं आणखी एक आहे: ते प्रजातीला चिकटून असतं. माणसाचं गॅमा उंदराच्या पेशींवर चालत नाही. फ्रीजमधली "इंटरफेरॉन-गॅमा" एवढंच लिहिलेली कुपी उंदराची निघाली की अख्खा आठवडा वाया जातो.

## २. रक्ताचा हिशेब

इथे लोक सर्रास फसतात, म्हणून आकडेच मांडतो.

प्रत्येक वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) टार्गेट १०,०००. एनके आणि टार्गेटचं प्रमाण १०:१, ५:१, २.५:१ आणि १:१. म्हणजे एनके पेशी अनुक्रमे १,००,०००, ५०,०००, २५,००० आणि १०,०००. बेरीज १,८५,०००. प्रत्येक वेल तिहेरी म्हणून ५,५५,०००. चार खान्यांचे मिळून २२,२०,०००.

आता पुरवठा. एक मिली रक्तातून ढोबळमानाने दहा लाख एककेंद्रकी पांढऱ्या पेशी मिळतात. त्यात एनके साधारण ५ ते १५ टक्के. १० टक्के धरा. ६० मिली रक्तातून ६० लाख एनके. वेगळ्या करताना आणि रात्रभर ठेवताना त्यातल्या निम्म्या गेल्या तर हातात ३० लाख. म्हणजे चार खाने होतात आणि पायरी ९ मधल्या तपासणीपुरत्या थोड्या उरतात. २० मिली रक्तात हे बसत नाही. ज्यांनी २० मिली घेतलेलं असतं ते आयत्या वेळी तिहेरीचं एकेरी करतात, मग त्रुटीरेषा कुठून आणणार?

इशारा: रक्ताचं प्रमाण संस्थेच्या नीतिसमितीच्या मंजुरीत जितकं लिहिलं असेल तितकंच घ्यायचं. मंजुरी ३० मिलीची असेल तर प्रमाणं कमी करा, तिहेरी मोडू नका.

रक्त वाचवण्यासाठी एनके-९२ ही एनके पेशींची तयार लाइन वापरायचा मोह होतो. या प्रश्नासाठी ती अर्धवट उपयोगाची आहे. तिच्यावर एनकेजी२ए हा रोधक रिसेप्टर असतो, पण एचएलए ओळखणारे नेहमीचे रोधक केआयआर रिसेप्टर जवळजवळ नसतात. एचएलए वाढूनही एनके-९२ चा मारा कमी झाला नाही, तर त्यावरून एचएलए निरुपयोगी ठरत नाही. ते बघायला त्या पेशीला डोळेच नव्हते.

## ३. टार्गेट पेशींना इंटरफेरॉन

वेळापत्रक असं ठेवा: सोमवारी दुपारी टार्गेटला इंटरफेरॉन, मंगळवारी दुपारी रक्त घेऊन एनके वेगळ्या करणं, बुधवारी दुपारी प्लेट. टार्गेटला ४८ तास मिळतात, एनके पेशींना एक रात्र.

क) आधी मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये लपून राहणाऱ्या जिवाणूची) पीसीआर तपासणी करा. दूषित टार्गेट लिम्फोसाइटना स्वतःच इंटरफेरॉन बनवायला लावतात, आणि मग "साधी" टार्गेट साधी राहत नाही.

ख) पेशी वाढीच्या जोमात असाव्यात, जिवंतपणा ९५ टक्क्यांवर. प्रति मिली २,००,००० या घनतेने दोन फ्लास्क लावा. दोन्हींत मीडियम तेच, सिरमचा लॉट तोच. इंटरफेरॉन ज्या अल्ब्युमिनच्या द्रावणात विरघळवलं असेल तेवढंच रिकामं द्रावण साध्या फ्लास्कमध्येही घाला.

ग) मात्रा युनिटमध्ये ठरवा. डबीवर नॅनोग्रॅम आणि शोधनिबंधात युनिट, इथे शून्याची चूक होते. समजा डबीवर प्रति मिलिग्रॅम २ कोटी युनिट लिहिलं आहे. मग १ नॅनोग्रॅम म्हणजे २० युनिट, आणि प्रति मिली १०० युनिट हवे असतील तर प्रति मिली ५ नॅनोग्रॅम. प्रत्येक लॉटचा आकडा वेगळा असू शकतो, दर वेळी डबी वाचा.

घ) पहिल्यांदाच करत असाल तर १०, १०० आणि १,००० युनिट अशा तीन मात्रा लावून फक्त एचएलए मोजा. ज्या मात्रेला एचएलए वाढायचा थांबतो तीच पुढे वापरा. जास्त ओतून काही मिळत नाही, उलट पेशी सुकतात.

ङ) तिसरा छोटा फ्लास्क ठेवा: इंटरफेरॉन आणि सोबत १ मायक्रोमोलर रक्सोलिटिनिब. हे औषध पेशीत संदेश पुढे नेणारी जॅक१ आणि जॅक२ ही एन्झाइम अडवतं, त्यामुळे इंटरफेरॉनचा संदेश केंद्रकापर्यंत पोहोचत नाही. या फ्लास्कमध्येही एचएलए वाढला तर तुमच्या डबीत किंवा रंगवण्यात गडबड आहे.

इशारा: इंटरफेरॉनचे छोटे वाटे करून गोठवा आणि एकदा वितळवलेला वाटा परत गोठवू नका. "मागच्या वेळी चाललं होतं, या वेळी नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेकदा त्याच कुपीत असतं.

इंटरफेरॉनने पेशींची वाढ मंदावते. बुधवारी दोन फ्लास्कमधली संख्या सारखी नसेल, आणि ते ठीक आहे. मोजून समान जिवंत पेशी घ्या. समान आकारमान घेणारे अजून भेटतात.

## ४. धुणं

सगळ्यात कंटाळवाणी पायरी, आणि सगळ्यात जास्त निकाल इथेच बिघडतात.

पेशी ५० मिलीच्या नळीत खाली बसवा, वरचं मीडियम ओता, तळाशी साधारण ०.१ मिली राहू द्या, ताजं १० मिली घाला. एका धुण्यात इंटरफेरॉन शंभर पट पातळ होतं, तीन धुण्यांत दहा लाख पट. दोन धुण्यांवर समाधान मानू नका. धुतल्यामुळे परिणाम निघून जाईल ही भीती नको, कारण वाढलेला एचएलए पेशीवर त्या चार तासांत कुठे जात नाही.

माझ्या पहिल्या वर्षी मी एकदाच धुवून अल्फा दिलेल्या टार्गेट प्लेटमध्ये टाकल्या. मारा वाढलेला दिसला. मी खूश, मार्गदर्शकही खूश. तीन महिन्यांनी कळलं की उरलेलं अल्फा एनके पेशींना चेतवत होतं, टार्गेट बिचाऱ्या जिथल्या तिथे होत्या.

तपासणी: तिसऱ्या धुण्याचं वरचं पाणी टाकू नका. साध्या टार्गेट आणि साध्या एनके असलेल्या तीन वेलमध्ये ते मिसळा. इथला मारा पहिल्या खान्याइतकाच आला तर धुणं झालं. वाढला तर परत धुवा.

## ५. एचएलए खरंच वाढला का?

ही तपासणी मारा मोजण्याच्या दिवशीच, त्याच फ्लास्कमधल्या पेशींवर करायची. "मागच्या महिन्यात वाढला होता" याला अर्थ नाही. के५६२ च्या निरनिराळ्या प्रयोगशाळांतल्या वाणांचा इंटरफेरॉनला मिळणारा प्रतिसादही सारखा नसतो.

डब्ल्यू६/३२ ही अँटिबॉडी एचएलए-ए, बी, सी तिन्हींना पकडते. पण के५६२ वर सीडी३२ हा एफसी रिसेप्टर असतो, तो कुठलीही उंदराची अँटिबॉडी शेपटाकडून पकडून ठेवू शकतो. म्हणून आधी एफसी-ब्लॉक घाला आणि साध्या व इंटरफेरॉनच्या दोन्ही नमुन्यांना आयजीजी२ए ची आयसोटाइप नळी (त्याच प्रकारची, पण एचएलए न ओळखणारी अँटिबॉडी) स्वतंत्रपणे लावा. एकच आयसोटाइप दोघांना वापरली की इंटरफेरॉनने वाढलेली पार्श्वभूमीही एचएलए म्हणून मोजली जाते.

सोबत आयकॅम-१ रंगवाच. नंतर निकाल उलटा आला तर पहिला संशय त्याच्यावर जातो. जमलं तर एचएलए-ई, फास आणि पीडी-एल१ हे पृष्ठभागावरचे रेणूही बघा. एचएलए-ई महत्त्वाचा, कारण इतर एचएलएंच्या सुरुवातीच्या तुकड्यातला पेप्टाइड घेऊन तो वर येतो आणि एनकेजी२ए ला थेट "थांब" सांगतो.

फॉस्फो-स्टॅट१ (इंटरफेरॉनचा संदेश पेशीत शिरल्याची खूण) बघायचा असेल तर इंटरफेरॉन दिल्यावर १५ ते ३० मिनिटांत. ४८ तासांनी बघून "संदेश गेलाच नाही" म्हणणं म्हणजे वरात गेल्यावर मांडवात नवरदेव शोधणं.

## ६. एनके वेगळ्या करणं

हे थोडक्यात, कारण किटच्या पत्रकात सगळं असतं. १.०७७ घनतेच्या द्रावणावर रक्त हळू सोडा, ४०० जी वर ३० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर विस्कटतो. मग एनके पेशींना हात न लावता बाकीच्या काढून टाकणारं किट वापरा. एनके पेशींनाच मणी चिकटवणारं नको, त्याने त्या चेतवल्या जाऊ शकतात. सीडी३ (टी पेशींची खूण) नसलेल्या आणि सीडी५६ (एनके पेशींची खूण) असलेल्या पेशी ९० टक्क्यांवर हव्यात. दोन वाटे करा, एकाला इंटरफेरॉन, एकाला नाही, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. सकाळी दोन्ही वाटे पायरी ४ सारखेच धुवा आणि परत मोजा. रात्रीत काही पेशी मरतात, संध्याकाळचा आकडा सकाळी चालत नाही.

## ७. डाय आणि प्लेट

मारा मोजायला किरणोत्सारी क्रोमियम-५१ ची पद्धत अजूनही उत्तम आहे, पण अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी, वेगळी खोली आणि २७.७ दिवसांचा अर्धायुकाल सांभाळणं सगळ्यांना जमत नाही. इथे कॅल्सिन धरतो: टार्गेटमध्ये भरायचा चमकणारा डाय, पेशी मेली की तो बाहेर गळतो.

१. प्रत्येक प्रकारच्या १० लाख टार्गेट घ्या. १५ मायक्रोमोलर कॅल्सिन-एएम, ३७ अंशांवर ३० मिनिटं, अंधारात. दोनदा धुवा. औषधं बाहेर फेकणारा पी-ग्लायकोप्रोटीन पंप असलेल्या लाइनमध्ये कॅल्सिन नीट भरत नाही, तिथे ही पद्धत सोडा.

२. यू-तळाच्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेचे ३६ वेल पेशींसाठी वापरू नका, ते सुकतात. आत ६० उरतात. चार खाने, चार प्रमाणं, तिहेरी मिळून ४८. दोन्ही टार्गेटच्या आपोआप गळतीचे आणि संपूर्ण गळतीचे मिळून १२. बरोबर ६०. पायरी ४ चे धुण्याच्या पाण्याचे तीन वेल आणि रक्सोलिटिनिबच्या टार्गेट छोट्या दुसऱ्या प्लेटमध्ये लावा.

३. टार्गेट १०० मायक्रोलिटर, एनके १०० मायक्रोलिटर. आपोआप गळतीत एनकेऐवजी मीडियम, संपूर्ण गळतीत ४ टक्के ट्रायटन एक्स-१००, म्हणजे अखेरीस २ टक्के. मीडियम फिनॉल रेडशिवायचं. कडेच्या वेलमध्ये नुसतं मीडियम आणि मीडियम अधिक ट्रायटन असे कोरे ठेवा.

४. एक मिनिट हलकं फिरवून पेशी जवळ आणा. चार तास. मग परत फिरवा आणि वरचं १०० मायक्रोलिटर तळाला न लागता काढून मोजा: ४८५ ला उद्दीपन, ५३० ला वाचन.

इशारा: "चार तासांत फरक कमी दिसतो" म्हणून १६ तास ठेवू नका. कॅल्सिन गळतं हे एक कारण. दुसरं जास्त मोठं: एनके पेशी टार्गेटला भेटल्यावर स्वतः इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, आणि रात्रभरात तुमच्या "साध्या" टार्गेटही इंटरफेरॉन दिलेल्या होऊन बसतात.

## ८. टक्केवारी

प्रयोगातलं वाचन उणे आपोआप गळती, भागिले संपूर्ण गळती उणे आपोआप गळती, गुणिले १००. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती दोन्ही टार्गेटना एकच गळती वापरण्यात.

काल्पनिक आकडे घ्या. साध्या टार्गेट: आपोआप १,२००, संपूर्ण ८,७००, प्रयोगात ४,२००. म्हणजे ३,००० भागिले ७,५००, ४० टक्के. इंटरफेरॉन दिलेल्या पेशींत डाय कमी भरला: आपोआप ९००, संपूर्ण ६,९००, प्रयोगात २,७००. म्हणजे १,८०० भागिले ६,०००, ३० टक्के. आता याच २,७०० ला साध्या टार्गेटची गळती लावून बघा: १,५०० भागिले ७,५००, २० टक्के. दहा टक्क्यांचा फरक वीस झाला, तोही नुसत्या एक्सेलमध्ये.

तपासणी: आपोआप गळती संपूर्ण गळतीच्या २० ते २५ टक्क्यांवर गेली तर ती प्लेट टाकून द्या. फक्त इंटरफेरॉनच्या टार्गेटमध्येच ती वर असेल, तर पेशी एनके भेटण्याआधीच मरत आहेत. मात्रा किंवा तास कमी करा.

## ९. फरक आला, आता कारण

के५६२ वर इंटरफेरॉन-गॅमा दिल्यावर साधारणपणे मारा कमी होतो. तेवढ्यावर "एचएलएमुळे" लिहायची घाई करू नका.

पहिला प्रश्न: एनके थांबली की टार्गेटने मार पचवला? उरलेल्या एनके टार्गेटसोबत १:१ ठेवा, सुरुवातीलाच सीडी१०७ए ची अँटिबॉडी घाला, तासाभराने मोनेन्सिन, आणि चार ते सहा तासांनी फ्लो सायटोमीटरवर बघा. एनके पेशींनी मारक कण सोडले की सीडी१०७ए वर येतो. मारा आणि सीडी१०७ए दोन्ही घटले तर एनके पेशीला रोखलं गेलं आहे. मारा घटला पण सीडी१०७ए तसाच राहिला तर अडचण टार्गेटच्या आत आहे, उदाहरणार्थ ग्रॅन्झाइम-बी ला (एनके पेशीच्या मारक एन्झाइमला) अडवणारं सर्पिन-बी९, जे इंटरफेरॉनने वाढू शकतं. अशा वेळी एचएलएवर कितीही अँटिबॉडी ओतली तरी काही बदलणार नाही.

दुसरा प्रश्न: रोखणारा एचएलएच का? तो झाकून मारा परत येतो का बघा. पण अख्खी डब्ल्यू६/३२ वापरू नका. तिची शेपटी एनके पेशीवरच्या सीडी१६ या रिसेप्टरला भेटते आणि अँटिबॉडीमुळेच मारा वाढू शकतो. मग तुम्ही एचएलए झाकला म्हणून वाढला की शेपटीमुळे, सांगता येत नाही. शेपटी छाटलेले एफएबी-२ तुकडे घ्या. एनकेजी२ए कडून झाकायचं असेल तरी हाच नियम, कारण के५६२ चा सीडी३२ त्या अँटिबॉडीची शेपटी धरून रिसेप्टर झाकण्याऐवजी दाबू शकतो.

आणि मारा वाढला तर? ज्या लाइनवर आधीच भरपूर एचएलए आहे, तिथे इंटरफेरॉनने ढाल फारशी बदलत नाही, पण आयकॅम-१ वाढून पकड सुधारते. अशा लाइनमध्ये वाढ दिसणं खरं असू शकतं. पायरी ४ ची धुण्याची तपासणी स्वच्छ असेल आणि एलएफए-१ (आयकॅम-१ ला धरणारा एनके पेशीवरचा रेणू) झाकल्यावर वाढ गेली, तर निःशंक लिहा. चिकटून वाढणाऱ्या पेशी उचलायला मात्र ट्रिप्सिन नको, ते पृष्ठभागावरचे काही रेणू कापतं. ईडीटीए वापरा.

## १०. दाते

एका दात्याचा आलेख हा निकाल नसतो. प्रत्येकाचे केआयआर वेगळे, त्यामुळे एचएलए सारखाच वाढूनही एकाच्या एनके पेशी निम्म्यावर येतात, दुसऱ्याच्या जेमतेम हलतात. किमान तीन दाते, पाच-सहा असतील तर उत्तम, आणि प्रत्येकाचे चारही खाने एकाच दिवशी. दात्यांचं रक्त एकत्र करू नका. आकडे जोडीने तपासा, म्हणजे प्रत्येक दात्याची साधी टार्गेट त्याच दात्याच्या इंटरफेरॉनच्या टार्गेटशी. आलेखात सरासरीचे खांब काढण्याऐवजी प्रत्येक दात्याची रेघ वेगळी दाखवा. एखादी रेघ उलटी जात असेल तर ती पुसू नका. त्या दात्याला परवानगी असेल तर पुन्हा बोलवा आणि त्याच लॉटचं इंटरफेरॉन वापरून प्लेट परत लावा.